पहिली आवृत्ती कपाटातून बाहेर काढा

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व विश्वस्त

(संस्थानाचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही. तुम्हाला ते कळेल. इतरांना आपापल्या गावचे एखादे संस्थान आठवेलच.)

स. न. वि. वि.

यंदाच्या उत्सवात तुम्ही मंचावरून जाहीर केले की संस्थानाच्या बाबांवरच्या ग्रंथाची सुवर्ण आवृत्ती निघाली आहे. भक्तांनी घरातल्या जुन्या प्रती संस्थानात आणून द्याव्यात, नवी प्रत विनामूल्य न्यावी, आणि जमा झालेल्या जुन्या प्रतींचे अंभोऱ्याला वैनगंगेत विधिवत विसर्जन होईल. टाळ्या चांगल्या पडल्या. नवी प्रत मीही पाहिली. कागद उत्तम, बांधणी मजबूत. मुखपृष्ठ उलटले की सोनेरी शाईत एक ओळ दिसते: हा ग्रंथ अपौरुषेय असून यातले एकही अक्षर मनुष्याचे नाही.

त्या ओळीसाठी हे पत्र आहे. यातली पुष्कळ अक्षरे कोणत्या मनुष्याची आहेत हे मला ठाऊक आहे, कारण ती माझ्या टेबलावरून गेली आहेत.

महालातल्या एका छापखान्यात मी मुद्रितशोधक होतो. खिळे जुळवायच्या काळात लागलो, संगणक आल्यावर काही वर्षांनी घरी बसलो. तुमच्या ग्रंथाच्या आधीच्या सगळ्या आवृत्त्या आमच्याकडेच छापल्या गेल्या. पहिल्या आवृत्तीची एक प्रत माझ्याकडे आहे. शिवण सुटली आहे, कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, पण मजकूर पूर्ण आहे.

त्या प्रतीचे शीर्षकपान आधी वाचा. त्यावर तिघांची नावे आहेत. एक प्राथमिक शिक्षक, एक तलाठी आणि इतवारीतल्या कापडाच्या दुकानातला एक मुनीम. नावांखाली स्वच्छ लिहिले आहे की बाबांच्या सहवासातल्या भक्तांनी सांगितलेल्या आठवणी ऐकून, पडताळून, आम्ही यथामती ओवीबद्ध केल्या, चूकभूल आमची. दुसऱ्या आवृत्तीत ही नावे शेवटच्या पानावर, आभाराच्या मजकुरात गेली. तिसऱ्या आवृत्तीत ती गळाली. चौथ्या आवृत्तीत 'बाबांच्या मुखातून प्रकटलेला' असे आले, आणि आता बाबांचेही मुख मधून काढून टाकले आहे. मनुष्याचे एकही अक्षर नाही म्हणता तेव्हा बाबा कोण होते, हाही प्रश्न उभा राहतो. पण तो तुमचा तुम्ही सोडवा.

आता सातवा अध्याय. सक्करदऱ्याच्या एका लेकराला ताप आला होता ही मूळ गोष्ट. पहिल्या आवृत्तीत बाबा रात्रभर त्याच्या उशाशी बसले, कपाळावर ओल्या फडक्याच्या पट्ट्या ठेवल्या, आणि उजाडताच स्वतः बैलगाडीत घालून त्याला सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरने सुई दिली, चौथ्या दिवशी लेकरू बरे झाले, बाबांनी त्याच्या बापाला डॉक्टरच्या पाया पडायला लावले. फार सुंदर ओव्या आहेत त्या. मला विचाराल तर सगळ्या ग्रंथात तेवढ्याच खऱ्या कवीच्या हाताच्या वाटतात. दुसऱ्या आवृत्तीत सुई गेली. तिसरीत बैलगाडी गेली आणि डॉक्टरने हात टेकले. चौथीत लेकरू रात्री मरण पावले आणि पहाटे बाबांच्या अंगाऱ्याने उठून बसले. सुवर्ण आवृत्तीत तेच लेकरू उठून वेदमंत्र म्हणते.

मरणारे लेकरू उठवून तुम्ही बाबांना मोठे केले असे तुम्हाला वाटते. मला वाटते तुम्ही एक भला माणूस पुसून टाकला. रात्रभर जागून, दुसऱ्याचे लेकरू दवाखान्यात नेऊन, श्रेय डॉक्टरला देणारा बाबा दुर्मीळ होता. मेलेले उठवणारे बाबा प्रत्येक तालुक्याला आहेत.

पंधराव्या अध्यायाची कथा वेगळी आहे, आणि तिच्यात कुणाची लबाडी नाही. पहिल्या आवृत्तीत ओव्यांना क्रमांक नव्हते; अध्यायाच्या शेवटी फक्त 'ओवीसंख्या ११०' असे होते. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी क्रमांक घालायचे ठरले. पारायण तोंडावर आलेले, त्यामुळे प्रुफे आमच्याकडे न येता तुमच्या कचेरीतच वाचली गेली. या अध्यायात एक ओवी 'कृपाघन' या शब्दावर संपते आणि तिच्यानंतरची दुसरी ओवीही त्याच शब्दावर संपते. जुळाऱ्याची नजर पहिल्या 'कृपाघन'वरून थेट दुसऱ्यावर गेली. पहिल्या 'कृपाघन'नंतरच्या दोन ओव्या राहिल्या. क्रमांक सलग पडले आणि संख्या १०८ भरली. तिसऱ्या आवृत्तीच्या वेळी माझ्या ते लक्षात आले तेव्हा मी तुमच्या तेव्हाच्या सचिवांना दोन्ही प्रती शेजारी ठेवून दाखवले. ते हसले. म्हणाले, "राहू द्या न जी, एकशे आठ झाल्या थे बरंच झालं."

आज तुमचे प्रवचनकार या अध्यायावर तास तास बोलतात. एकशे आठ ओव्या म्हणजे जपमाळेचे एकशे आठ मणी, हा योगायोग मनुष्याला साधणारच नाही, म्हणून ग्रंथ दैवी. मी मानेवाड्याच्या एका मंडपात मागच्या खुर्चीवर बसून हे ऐकले आहे. जुळाऱ्याला जाऊन बरीच वर्षे झाली, नाहीतर त्याला घेऊन गेलो असतो.

नजर अशी उडी मारते हे जुन्या पोथ्यांवर काम करणाऱ्या कोणत्याही अभ्यासकाला विचारा. ताडपत्र असो, भूर्जपत्र असो की शिशाचे खिळे, नक्कल करणारा डोळा माणसाचाच असतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने १९१९ साली महाभारताच्या संशोधित आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ साली ते पुरे केले. देशभरातून, देशाबाहेरून १२०० हून अधिक हस्तलिखिते जमवली, ओळ अन् ओळ ताडून पाहिली. द्रौपदीने वस्त्रहरणाच्या वेळी केलेला कृष्णाचा धावा आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. संशोधित पाठात तो नाही, खाली टिपांत गेला आहे. केवढी हिंमत लागली असेल त्या पंडितांना! ते काही देवाधर्माचे वैरी नव्हते. त्यांनी धावा जाळला नाही, बुडवलाही नाही. पानाच्या तळाशी छापून ठेवला, कोणत्या पोथ्यांत आहे आणि कोणत्यांत नाही हे सांगून. वाचणाऱ्याने वाचावे, ठरवणाऱ्याने ठरवावे.

पुण्याचे उदाहरण नको असेल तर आपल्या विदर्भाचेच घ्या. मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर तुम्हाला माहीत आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर स्वामी निघून गेल्यावर त्यांच्या शिष्यांना त्यांच्या आठवणींशिवाय काही सुचेना. तेव्हा म्हाइंभटांनी ठरवले की या आठवणी लिहून ठेवायच्या. ज्यांनी स्वामींना पाहिले, ऐकले, त्यांच्याकडे ते गेले, एकेक लीळा, म्हणजे स्वामींचा प्रसंग, मिळवली, स्वामींनंतर पंथाचे आचार्य झालेल्या नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतली. तेराव्या शतकातले हे लीळाचरित्र मराठी गद्यातला आद्य ग्रंथ मानला जातो. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत गेली. मग काय केले असेल? आकाशातून दुसरी प्रत आली असे त्यांनी सांगितले नाही. ज्यांना जे पाठ होते त्यांच्याकडून ते पुन्हा उतरवून घेतले, आणि कोणाच्या आठवणीतला कोणता पाठ हे नावानिशी जपले. एका पाठाला हिराइसा या बाईचे नाव आहे. विचार करा, स्वामींना ईश्वराचा अवतार मानणारी ही माणसे. पण त्यांच्याबद्दलचा ग्रंथ माणसांच्या आठवणीतून आला आणि आठवणी वेगवेगळ्या असतात हे लपवावेसे त्यांना वाटले नाही. पुढे आपल्याच नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेल्या वि. भि. कोलत्यांनी हे पाठ ताडून लीळाचरित्र संपादित केले, त्यावर वादही झाले. वाद व्हावेतच. ग्रंथ हातात असला तरच वाद घालता येतो.

ज्ञानेश्वरीचे तेच. शेवटच्या ओव्यांत शक १२१२, म्हणजे इ. स. १२९०, हे साल आहे, आणि लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचे नाव आहे. ज्ञानदेवांना लेखनिकाचे नाव सांगायला कमीपणा वाटला नाही, तुम्हाला मात्र मुनिमाचे नाव खुपले. पुढे तीनशे वर्षांत नकला करता करता पाठ बिघडले, तेव्हा एकनाथांनी १५८४ साली जुन्या पोथ्या मिळवून ग्रंथ शुद्ध केला आणि तसे लिहून ठेवले: 'ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध । परी पाठांतरीं शुद्ध अबद्ध'. यापुढे जो ज्ञानेश्वरीत स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली असे समजा, असेही बजावले. तुमच्या ताटात किती नरोट्या आहेत हे मी मोजून देऊ शकतो.

तुम्ही म्हणाल, वेद अपौरुषेय आहेत की नाहीत? मीमांसा दर्शनाच्या पंडितांनी तसे मानले हे खरे. पण न्याय दर्शनाच्या पंडितांनी त्यांना भर सभेत खोडून काढले, वेदांचा कर्ता ईश्वर आहे असे म्हटले. बौद्ध आणि चार्वाक तर दोघांनाही हसले. शेकडो वर्षे हा वाद चालला, कुणी कुणाच्या पोथ्या जमा करायला सांगितल्या नाहीत. शिवाय ऋग्वेदाच्या १०२८ सूक्तांसाठी अनुक्रमणीत, म्हणजे सूक्तांच्या जुन्या सूचीत, ऋषीचे नाव दिलेले आहे; घोषा, अपाला, लोपामुद्रा या बायकांचीही नावे त्यात आहेत. ज्याला अपौरुषेय म्हणतात त्या ग्रंथानेही नावे पुसली नाहीत.

इतर धर्मांतही हेच दिसेल. बायबलच्या आजच्या आवृत्त्यांत मार्कच्या शुभवर्तमानाच्या शेवटी टीप असते की अखेरची १२ वचने सर्वांत जुन्या प्रतींत सापडत नाहीत. कुराणाच्या प्रती तिसरे खलिफा उस्मान यांच्या काळात एका पाठावर आणल्या गेल्या हे इस्लामी परंपराच सांगते. शिखांचा आदिग्रंथ १६०४ साली गुरू अर्जुनदेवांनी संकलित केला आणि त्यात आपल्या नामदेवांची पदे नावासह घेतली. पाली सुत्तांची सुरुवातच 'एवं मे सुतं', असे मी ऐकले, अशी होते. ऐकणारा आला की माणूस आला.

आणि आपण नागपूरकर. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या मैदानावर बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली ते इथून काही कोसांवर नाही. दीक्षा घेताना त्यांचा 'द बुद्धा अँड हिज धम्म' हा बुद्धावरचा ग्रंथ लिहून झालेला होता. तो १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रास्ताविकात त्यांनी काय विचारले आहे ते काढून वाचा. सिद्धार्थाने म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून घर सोडले ही कथा पटण्यासारखी आहे का? चार आर्यसत्ये बुद्धाच्या मूळ शिकवणीतली की भिक्खूंनी नंतर घातलेली? ज्याला शरण जायचे त्याच्याच ग्रंथांना हे प्रश्न. बुद्ध मार्ग दाखवणारा आहे, मोक्ष देणारा नाही, हे त्यांनी ठासून मांडले. या शहरात राहून भक्तांना 'प्रश्न हा अहंकार' असे शिकवायचे म्हणजे कमाल आहे.

ग्रामगीतेचेही पाहा. विदर्भातल्या कितीतरी घरांत ती रोज वाचली जाते. ती तुकडोजी महाराजांनी लिहिली हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. म्हणून कुणी ती कमी भक्तीने वाचतो का?

तर ग्रंथ माणसाने लिहिला हे सांगितल्याने भक्ती जात नाही. मग काय जाते, ज्याची तुम्हाला एवढी काळजी आहे? त्यासाठी बाविसाव्या अध्यायाकडे यावे लागेल.

हा अध्याय पहिल्या तीन आवृत्त्यांत नाही. बाबा गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, चौथ्या आवृत्तीच्या वेळी तो आमच्या टेबलावर आला. फुलस्केप कागद, निळे बॉलपेन, दोन ठिकाणी खाडाखोड करून वर नवा शब्द. अक्षर मी ओळखतो, कारण त्याच अक्षरात आमच्या बिलांवर 'मंजूर' लिहून यायचे. ओव्याही नीट बसत नव्हत्या. या अध्यायात भक्ताने मिळकतीचा दहावा भाग संस्थानाला द्यावा असे आहे. संस्थानाबाहेरच्यांशी सोयरीक करू नये, त्यांच्या सुतकात पाणी घेऊ नये असे आहे. आणि शेवटच्या ओवीत, या वचनांवर शंका घेणाऱ्याचे पुण्य क्षय पावेल असे आहे.

माझा मावसभाऊ तुमचा जुना भक्त. गिरणीत होता, आता घरीच असतो. दोन वर्षांमागे त्याचा सख्खा मोठा भाऊ वारला. तेरवीला हा आला, पण फाटकाच्या आत आला नाही. उन्हाचे दिवस. रस्त्याच्या पलीकडे कडुनिंबाखाली चप्पल काढून उभा राहिला. वहिनी स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेली. त्याने हात जोडले, तांब्याला हात लावला नाही. मी त्याला म्हटले, अरे, काहून असं करतोस, ज्याच्या खांद्यावर बसून तू जत्रा पाहिली तो गेला. त्याचे डोळे भरून आले होते. म्हणाला, "ग्रंथात आहे न दादा, बाविसाव्यात. देवानं लिहिलं, मी कोण बदलणारा?"

त्या वेळी मला निळे बॉलपेन आठवले. सांगितले नाही, कारण त्याने ऐकलेच नसते. ग्रंथ अपौरुषेय असल्याचा फायदा हा आहे, विश्वस्तहो. माणसाने लिहिलेल्या ओळीला माणूस विचारू शकतो की बाबा रे, तू हे का लिहिलेस, तुला यातून काय मिळते. देवाने लिहिलेल्या ओळीपुढे तो कडुनिंबाखाली उभा राहतो. बाबांवर प्रेम करणाऱ्यांची मंडळी आणि माणसांवर ताबा ठेवणारा कंपू यांच्यात फरक करायचा झाला तर मी देणग्या किंवा चमत्कार पाहणार नाही. पहिली आवृत्ती भक्ताच्या हाती लागते की नाही, एवढेच पाहीन.

पोलिसांची भीती दाखवायला मी लिहिलेले नाही. जादूटोणाविरोधी कायदा डिसेंबर २०१३ मध्ये इथेच, नागपूरच्या अधिवेशनात मंजूर झाला. त्याच्या चार महिने आधी, २० ऑगस्टला, पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला होता. त्या कायद्याने भजन, कीर्तन, प्रवचन यांना हात लावलेला नाही, आणि एखाद्या ग्रंथातली ओवी खरी की खोटी हे ठरवणे कायद्याचे कामही नव्हे. ते वाचणाऱ्याचे काम आहे. पण त्याच्याकडे वाचायला काही उरू द्या. मात्र सातव्या अध्यायाच्या भरवशावर कुणी तापाचे लेकरू दवाखान्याऐवजी तुमच्या अंगाऱ्याकडे आणले, तर पहिल्या आवृत्तीतल्या बाबांनी काय केले होते ते त्याला सांगणे हे तुमचे काम आहे.

माझे मागणे फार नाही. अंभोऱ्याचे विसर्जन थांबवा. जमा झालेल्या प्रतींपैकी प्रत्येक आवृत्तीच्या काही प्रती वाचनालयाला द्या, आणि संस्थानात एका उघड्या कपाटात सगळ्या आवृत्त्या ओळीने लावा, कुलूप न घालता. शिक्षक, तलाठी आणि मुनीम यांची नावे पहिल्या पानावर परत आणा; तिघांचीही नातवंडे या शहरात आहेत, त्यांना आनंद होईल. सोनेरी ओळ काढा किंवा तिच्याखाली आवृत्त्यांची साले तरी छापा. गळालेल्या दोन ओव्या परत घाला. एकशे दहा ओव्यांनी बाबा कोपणार नाहीत.

माझी प्रत मी जमा करणार नाही. पानन् पान मोबाइलवर टिपून ठेवले आहे. ज्या भक्ताला पाहायची असेल त्याने संध्याकाळी घरी यावे. प्रत घराबाहेर मिळणार नाही, चहा मिळेल.

उत्तर लेखी द्यावे, मंचावरून नको. आणि बाविसाव्या अध्यायाचे लेखक सुदैवाने हयात आहेत, तुमच्याच बैठकीत बसतात. त्यांनी एकदा माझ्या मावसभावाच्या घरी जाऊन त्याला सांगावे की हे मी लिहिले. पत्ता मी देतो.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक
महाल, नागपूर